तेवीस शेवट येरमाळ्याला गेले

शनिवार, चैत्र पौर्णिमेचा आदला दिवस. सकाळची शाळा करून आले आणि पिठाचे डबे घासायला काढले. डब्यांमागची पिशवी रिकामी दिसली. त्या पिशवीत तेवीस गोष्टींचे शेवट होते.

मी आमच्याच गावच्या शाळेत चौथीला शिकवते. आमची वाचनपेटी उघडली की पाल निघायची, वाचक निघत नसे. म्हणून मी प्रत्येक गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान ब्लेडनं अलगद कापलं (हेडमास्तरांनी हे वाचू नये) आणि जाहीर केलं, "पुस्तक वाचा, मला गोष्ट सांगा, शेवट घेऊन जा." मी स्वतः ती पुस्तकं वाचली होती का, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवू.

युक्ती लागू पडली. वाचनाच्या तासाला हमखास पोट दुखणारी सानिका शनिवारी सगळ्यांच्या आधी पुढं आली. आयुष्यातलं पहिलं पुस्तक तिनं संपवलं होतं.

"मॅडम, शेवटी निघतो का विहिरीतून बाहेर?"

मुखपृष्ठावर शेळी आणि विहीर होती, तेवढं मी बघितलं होतं. "सोमवारी पान देते," म्हटलं.

"नक्की ना? न्हायतर मी दुसरं वाचणार न्हाय."

आणि आता पिशवी रिकामी. सासूबाई पहाटेच गल्लीतल्या दहा बायकांना घेऊन येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेला मुक्कामी गेल्या होत्या. फोन लावला.

"आई, डब्यांमागं पिशवीत कागद होते..."

"व्हय, लई कामाला आले. धपाटे बांधले त्यात."

"सगळे?"

"आमी अकरा जणी. एकेकीला दोन पुड्या. उरला त्यात खोबरं बांधलं."

"अहो, शाळेचे कागद होते ते."

"मग रद्दी कशाला देऊन टाकली? घरात चिटोरा न्हाय ठेवला."

खरं होतं. मी टापटिपीची बाई. गुरुवारीच सगळी रद्दी देऊन प्लॅस्टिकचा टब घेतला होता.

रविवारी संध्याकाळी जीप दारात थांबली. मी पुढं धावले. पानं एकूण एक परत आली होती, तेलानं पारदर्शक होऊन. पण बायका घरी जाईनात. धपाटे खाता खाता सगळ्यांनी आपापला कागद वाचला होता, एकमेकींना वाचून दाखवला होता, आणि आता त्यांना आधीचं पाहिजे होतं.

"मास्तरीणबाई, माज्या कागदात राजा घोंगडी पांघरून हसतुया. कशापायी?"

"माज्यात समद्यांनी म्हातारीची माफी मागितली. काय केलं हुतं तिला?"

"तुमाला तर पाठच असतील की गोष्टी."

"सांगते," म्हणून मी चहा ठेवायला आत पळाले.

बाहेर आले तर ओट्यावर सानिका. जीप बघून शेवट मागायला आली होती. सासूबाईंनी एक पान धरून ठेवलं होतं. "हितं शेळीच्या गळ्यात घुंगरू बांधलंय. का बांधलं?"

मी इभ्रत सावरायला म्हणाले, "विहिरीत पडली होती ना शेळी. तहान लागलेली."

सानिका हळू आवाजात म्हणाली, "न्हाय मॅडम. शेळीचा मालक पडतो. शेळी वरडून गाव गोळा करती."

अकरा बायकांनी माझ्याकडं बघितलं. मी कपात बघितलं.

मग सानिकानं पहिल्या पानापासून गोष्ट सांगितली, हातवारे करून, शेळीच्या आवाजासकट. विहिरीपाशी येऊन थांबली आणि सासूबाईंनी उरलेलं वाचलं. मालक निघाला. सानिका टाळ्या पिटत गल्लीत पळाली आणि वर्गातल्या पोरांना पुस्तकांसकट घेऊन आली. पोरांकडं सुरुवात, बायकांकडं शेवट. अंधार पडेस्तोवर ओटा हलला नाही. सानिका दुसरं पुस्तक घेऊन गेली. मी चार वेळा चहा केला. तेवढंच येत होतं मला.

सोमवारी सकाळी सडा टाकायच्या आधी मी शेळीचं पुस्तक घेऊन बसले. वाचून झाल्यावर सासूबाईंकडं गेले. सगळी पानं आता त्यांच्या डब्यात असतात.

"आई, शेवटचं पान द्या की."

त्यांनी भाजीवरून मान वर केली नाही. "आदी गोष्ट सांग."

हात बांधून सांगितली. मध्ये एका ठिकाणी चुकले. त्यांनी परत वाचायला बसवलं.