न बघता उमलवलेलं फूल

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सरजाबाई, बोरी गावात कुणाला भ्यायच्या न्हाईत. सरपंचाला भर रस्त्यात उभं करून नळाच्या पाण्याचा जाब विचारणारी बाई! पण दवाखान्यात दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला की संपलं. सासरे दवाखान्यात गेले ते परत आलेच न्हाईत, तवापासूनची ती धास्ती. घरी बीपी ठीक, तिथं गेलं की लय वर. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललं जायचं. विहारात वंदनेला आलेली माणसं आत्याबाई नुसत्या आवाजावरून ओळखायल्या, तरी तोरा तोच, "मला दिसायलंय सगळं."

शेवटी डॉक्टरांनीच परभणीच्या मनिषा मॅडमकडं पाठवलं. त्या यंत्रावर मन शांत करायला शिकवतात. बोटाला चिमटा, पोटावर पट्टा, समोर पडद्यावर फुलाची कळी. श्वास लांब झाला, जीव शांत झाला की कळी उमलती. घाबरलं की मिटती.

"आजी, फूल दिसतंय का?" मॅडमनी विचारलं.

"दिसायलंय की. झकास हाय."

बसल्या बाई. कळी मिटलेली ती मिटलेलीच. मॅडम बिचाऱ्या वायरी तपासायल्या. मला राहवंना. म्हणलं, "आत्याबाई, फुलाचा रंग कोणता हो?"

"तुझ्या डोळ्याला काय झालंय? बघ की तूच!"

मला हसू आवरंना. मोतीबिंदूच्या बाईला आमी फूल बघायला बसवलं होतं, अन् ती इभ्रतीपायी कबूल करंना! वर परभणीला जायचं म्हणून लुगडं कमरेला असं करकचून आवळलेलं, की पोटाला हलायला जागाच न्हाई. श्वास जाणार कुठं?

मॅडमनी कपाळाला हात लावला अन् यंत्राचा आवाज चालू केला. जीव घाबरा असला की टुकटुक जलद, शांत झाला की सावकाश. मी आत्याबाईंना आडोशाला नेऊन लुगड्याची गाठ सैल करून आणली. त्या दिवशी टुकटुक पहिल्यांदा सावकाश झाली. मग आमच्या खेपा सुरू झाल्या. घरी पण संध्याकाळी बाजेवर डोळे मिटून बसायच्या. मी चिडायची, "तुमी शांत बसा, भांडी हायेतच माझ्या जिवाला." तर त्या गालात हसायच्या, पण श्वास मोडायच्या न्हाईत.

ऑपरेशनच्या दिवशी दंडाला पट्टा लागला. आत्याबाईंनी गुपचूप लुगड्याची गाठ ढिली केली अन् डोळे मिटले. नर्सबाईंनी आकडा बघितला. "ठीक आहे, चला आत." मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर आमचे हे म्हणले, "आई, आता घरी चल." तर बाई म्हणती, "आधी मॅडमकडं. इतके दिस उमलवलं, एकदा बघू तर दे."

पडद्यासमोर बसल्या. "अगं बया, गुलाबी हाय!" अन् आनंदानं जीव असा हरखला, की कळी जराशी उघडायची अन् लगेच मिटायची. "आता काय झालं मुडद्याला?"

"आजी, डोळे मिटा," मॅडम हसून म्हणल्या.

मिटले. कळी हळूहळू सुटत गेली, पार पूर्ण उमलली. मी ओरडलेच, "आत्याबाई, उमललं!"

"गप, मिटंल," त्या पुटपुटल्या. श्वास न मोडता त्यांनी नव्या डोळ्याची पापणी जराशीच वर केली.

"दिसलं गं बबिता."