भात बंद

सहाव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून माझं रक्त तपासलं आणि अलिबागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरोदरपणातला मधुमेह आहे. साखर, बटाटा, भात बंद. रेवदंड्याला परत येताना नवऱ्याने रिक्षातूनच फोन करून ते घरी सांगितलं.

सासूबाईंनी ते फारच मनावर घेतलं. आमची शेती भाताची, घरात दोन्ही वेळा भात. पण माझ्या ताटात तो पुन्हा पडला नाही. माझा चहा बिनसाखरेचा झाला. शेजारून बारशाचे पेढे आले, ते त्यांनी दारातूनच परत धाडले. "भाताचं एक शीत मी तिच्या तोंडाला लावू देत न्हाय," त्या भेटेल त्याला सांगत.

नवऱ्याने साखर तपासायचं यंत्र आणलं. जेवून दोन तास झाले की बोट टोचायचं आणि आकडा वहीत लिहायचा. आकडा उतरेचना. एकशे ऐंशी, कधी दोनशेच्या वर.

सातव्या महिन्यात दवाखान्यातल्या सिस्टरने वही पाहिली. सासूबाई बाहेर बाकावर होत्या. दिवसभरात काय काय खाता ते सगळं सांगा, ती म्हणाली, आणि चोरून काही खात नाही ना, असंही वर विचारलं. राग माझ्या नाकावरच असतो. मी शिकलेली आहे, शाळेच्या ऑफिसात काम करते, मला चोर ठरवू नका, असं मी तिला चारचौघांत सुनावलं. भात बंद आहे म्हणून सांगितलं आणि वही ओढून घेतली. त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही.

घरीही संशय शिरलाच होता. एकदा नवरा माझं कपाट उघडून बिस्किटं शोधताना सापडला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पोट मात्र भराभर वाढत होतं. बाळ अंगाने चांगलं दिसतंय, असं बायका कौतुकाने म्हणत आणि मला त्याचीच धास्ती वाटे. सोनोग्राफीत बाळ दिवसांच्या मानाने मोठं निघालं, पाणीही जास्त.

आठवा सरत आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्वतःच विचारलं, कालपासून काय काय खाल्लं. मी घडाघडा सांगितलं. सकाळी दोन भाकऱ्या, दुपारी बोंबलाच्या कालवणाशी तीन, रात्री पुन्हा तीन. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"भाकरी कशाची?"

"तांदळाची," मी म्हणाले. आमच्याकडे दुसरी कुठली असते, असं पुढे म्हणणार होते, पण तोंडातच राहिलं.

भात म्हणजे पातेल्यातला, ताटात वाढतात तो. भाकरी ही भाकरी. आमच्या घरात कुणाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नव्हतं. उलट भात नाही म्हणून सासूबाई मला रोज एक भाकरी जास्त वाढत होत्या.

त्याच दिवशी इन्सुलिन सुरू झालं. आकडे उतरले, पण दिवस थोडे उरले होते. पोट फाडून मुलगी काढली, चार किलोंच्या वर. गुटगुटीत आहे म्हणून सगळे हरखले. तासाभरात तिचे हात आणि ओठ थरथरायला लागले. टाच टोचून रक्त घेतलं तर साखर पार खाली गेलेली. पोटात तिला माझ्या साखरेची सवय झाली होती. नाळ तुटली आणि साखर एकदम थांबली. तिला उचलून बाळांच्या काचेच्या खोलीत नेलं, इवल्याशा हाताला सलाईन लावलं. दोन दिवसांत साखर तीनदा खाली आली. मेंदूवर काही परिणाम झालाय का, हे ती मोठी होईल तसं कळेल, असं बाळाचे डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी साखर टिकली. मी टाके सांभाळत काचेपाशी गेले. सासूबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला.

"माझ्याच हातची भाकरी गो. मीच केलं ह्ये."

मी नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला ते पेलेना. मी सांगून टाकलं.

"आई, सातव्यातच सिस्टरने विचारलं होतं, काय काय खाता म्हणून. मी सांगितलं नाही. भांडले तिच्याशी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझा हात सोडला आणि पुन्हा काचेकडे तोंड केलं.