छपराला अस्तर

कुठलीही वस्तू हातात आली की काका आधी ती चिमटीत धरून चोळायचे, मग कानाजवळ न्यायचे. "जरा ऐकून बघू," म्हणायचे. कापडाचं मला समजत होतं, कारण ते आमच्या गावचे शिंपी. सुती कापड वेगळं वाजतं, पॉलिस्टर वेगळं. पण ते पापड ऐकायचे, लग्नाच्या पत्रिकाही ऐकायचे. एकदा पोलादपूरच्या बाजारात त्यांनी कोथिंबिरीची जुडी कानाला लावली. भाजीवाली म्हणाली, "काय म्हणते, काका?"

"माझ्याकडं यायला नको म्हणते. तिला हितंच बरं वाटतं."

मी त्यांच्याकडे काजे-बटणं करायला जायची. दुकान म्हणजे घराची पडवीच. आत काकी असायची आणि मागे एक खोली. ती त्यांच्या मुलाने हौसेने बांधून घेतलेली, वर सपाट स्लॅब. स्लॅबला तडे गेले होते, सळया उघड्या पडल्या होत्या, आणि सिमेंटचे पोपडे काकीच्या अंथरुणावर पडायचे.

काकीचं दुखणं वेगळंच होतं. काही वर्षांपूर्वी ती डोंगराखालच्या एका वाडीत बहिणीकडे गेली होती. पाऊस लागून राहिला होता. दुपारी दरड आली. काकी गोठ्याकडे गेली होती म्हणून वाचली. बहीण घरात होती. त्यानंतर पाऊस लागला की काकी पाठ टेकायची नाही. ओढ्याकडचं मागचं दार उघडं टाकून उंबऱ्यात बसून राहायची. त्या दिवसाबद्दल कुणाला काही सांगायची नाही. मग मुलगा दर पावसाळ्यात तिला मुंबईला न्यायला लागला. गणपतीला परत यायची तेव्हा ती अर्धी झालेली असायची. तुम्ही बघितलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, हिला पुन्हा पाठवू नये.

"ती आवाजाला भिते," काका म्हणायचे. "पाऊस वाजला की तिला डोंगर आल्यासारखा वाटतो." त्यांनी ठरवलं, स्लॅब पाडायचा आणि ज्याच्यावर पाऊस वाजणारच नाही असं छप्पर स्वतः घालायचं. मुलाला फोन केला, "ह्या पावसाळ्यात तुझी आय हितंच राहील."

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही शिंपी हाव, गवंडी नाय."

"मग? अंगावर घालायचंच काम हाय. माणसाच्या नाय तर घराच्या."

"नाय जमलं तर मी न्यायला येतो हां."

छपराचं माप त्यांनी गळ्यातल्या टेपने घेतलं. पागोळ्या भिंतीवर येऊ नयेत म्हणून सगळीकडून जास्तीचं धरलं आणि मला म्हणाले, "कमरेत सैल ठेवलंय."

मग महाडच्या दुकानात गेलो. माझा नवरा टेम्पो चालवतो, म्हणून मीही बरोबर. काकांनी घरून झारी नेली होती. दुकानदाराने दाखवला तो प्रत्येक पत्रा दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकायला लावला आणि वरून पाणी सोडलं. मला म्हणाले, "खाली बस गो, ऐकून बघ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं दुकान बघत होतं. पण बसले. लोखंडी पत्रा ताशासारखा वाजला. रंगीतही तसाच.

दुकानदार म्हणाला, "काका, पत्रा हाय हा. रेडिओ नाय."

"म्हणून तर. रेडिओ बंद करता येतो."

कारखान्यांना लावतात तो मध्ये फोम भरलेला पत्रा छान गप्प होता, पण तो आमच्यासारख्यांना झेपणारा नव्हता. कौलं त्यांना आवडली. पण कौलांना उतार पाहिजे, भिंत बरीच उंच करावी लागली असती, आणि आमच्याकडे वानरं एक कौल जागेवर ठेवत नाहीत. शेवटी सिमेंटचा पत्रा घेतला. तो कमी वाजत होता. काका म्हणाले, "राहिलेला आवाज अस्तरात जिरवू."

अस्तर त्यांनी शिंप्याच्या डोक्याने काढलं. भाताच्या गिरणीतून तूस आणलं, गोणपाटाच्या गाद्या शिवल्या आणि स्लॅब पाडून पत्रा चढवल्यावर त्याच्याखाली बांबूंवर अंथरल्या. चैत्र-वैशाखभर आम्ही दोघं शिवत होतो. गोणपाटाने माझी बोटं सोलली, त्यांच्या मशीनच्या सुया मोडल्या. काकी दारातून बघायची आणि म्हणायची, "उंदरांचं बारसं करताय काय?" त्या दिवसांत ती हसायची.

आषाढात एका दुपारी पावसाने जोर धरला. काकांनी मला बोलावून घेतलं. आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. बाहेर समोरचं झाड दिसत नव्हतं आणि आत काही म्हणता काही नाही.

"काय ऐकू येतं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. ते इतके हसले.

काकी उठली. दार उघडून ती तशीच अंगणात गेली, पावसात, आणि ओढ्याच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. काका छत्री घेऊन मागे धावले. काकी म्हणाली, "ओढा वाजतोय ना? बघा नीट. वाजतोय ना?"

मग तिने सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "त्या दिवशी पाऊस पडत होता आणि ओढा गप झाला. वर दरडीनं अडला होता, ते मला काय ठावं. मी भयनीला म्हटलं, बरं झालं, किती शांत वाटतंय. आणि गोठ्यात गेले."

काका छत्री धरून उभे होते. ती आवाजाला भीत नव्हती. आवाज थांबायला भीत होती.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडल्यावर ते महाडला जाऊन लोखंडी पत्रा घेऊन आले. तिच्या अंथरुणाच्या वर, छताला घातलेल्या तुसाच्या गाद्या काढल्या. आडवी फळी टाकून वर चढले आणि तेवढ्या जागेवर पत्रा बांधला. खालून माझा नवरा ओरडत होता, "काका, उद्या करू!" ते उतरेपर्यंत पुन्हा पाऊस आला होता. पत्रा ताडताड वाजायला लागला. त्या आवाजाखाली काकी झोपली. घोरली सुद्धा.

"आता मला झोप नाय," काका दुसऱ्या दिवशी काज्यांची कापडं देताना म्हणाले. डोळे लाल झाले होते, पण खूष होते. "मुलाला सांगितलं, येऊ नको."

श्रावणात त्यांना ताप आला. लोक म्हणाले, पावसात वर चढले म्हणून. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. महाडला नेलं, आणि तिथून ते बोलत परत आले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर मुलाने काकीची पिशवी भरली. सकाळची गाडी होती. संध्याकाळी मी तिची वेणी घालत होते. पाऊस आला. आधी वर एक-दोन थेंब वाजले, ठोकल्यासारखे, मग सगळा पत्रा.

काकीने मान वर केली. "अजून वरच हायत," ती म्हणाली. "हाक मार गो त्यांना. भिजतील."

मी मुलाकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी फणी खाली ठेवली, पडवीत गेले आणि वर बघून हाक मारली, "काका, खाली या. काकी वाट बघतेय." शेजारची माणसं दारात आली. मी पुन्हा हाक मारली.

आत येऊन म्हटलं, "येतायत."

काकी अंथरुणावर भिंतीकडे सरकली आणि तिने जागा केली.