फळ्यावरचा फुटीर

त्या काळी पेपरात पक्षात राहून वेगळा सूर काढणाऱ्यासाठी तीन-चार शब्द चालायचे. दिल्लीतला मोठा पुढारी पक्षाविरुद्ध बोलला की तो 'नाराज'. जिल्ह्यातला असला तर 'असंतुष्ट'. तिकीट न मिळाल्याने अपक्ष उभा राहिला की 'बंडखोर', आणि त्या शब्दाला जरा रुबाबही असायचा. आमच्या डोंबिवलीच्या नाक्यावर मात्र नुसतं वेगळं मत मांडणाऱ्यालाही एकच शब्द होता, 'फुटीर'. तो मी स्वतःच्या हाताने लिहिलाय, म्हणून हे सांगायला बसलो.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो आणि संध्याकाळी पक्षाच्या शाखेबाहेरचा फळा लिहायचो. पाणी कधी येणार, रक्तदान कुठे, कोणाच्या मुलाला बक्षीस मिळालं, सगळं त्या फळ्यावर. भाजी घेऊन जाणारी माणसं थांबून वाचायची. त्याचा मला थोडा माजही होता, खोटं कशाला बोलू.

महापालिकेची निवडणूक आली. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काका राहायचे, निवृत्त शिक्षक, पक्षाचे जुने कार्यकर्ते. शाखेच्या बैठकीत ते उभे राहिले. "पाण्यासाठी दहा वर्षं मोर्चे काढणारी बाई आपल्यात आहे. तिला सोडून बिल्डरच्या माणसाला तिकीट कशाला? माझा विरोध लिहून घ्या. प्रचार मात्र मी पक्षाचाच करणार."

बैठक संपल्यावर शाखाप्रमुख मला म्हणाले, "फळ्यावर टाक रे, फुटीरांपासून सावध."

"नाव?"

"नाव कशाला? लोकांना कळतंय."

मी लाल खडूने लिहिलं, खाली दुहेरी रेघ मारली आणि लांब जाऊन कसं दिसतंय तेही पाहिलं. आज ती रेघ आठवली की स्वतःचीच शरम वाटते.

लोकांना खरंच कळलं. काका पत्रकं वाटायला आले की पोरं त्यांच्या हातातून गठ्ठा काढून घ्यायची. "राहू द्या काका, आम्ही बघतो." संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकू केलं, तर आमच्या जिन्यावरच्या बायकाही फिरकल्या नाहीत. माझी बायको निघाली होती. "आजच्या दिवस नको गं," म्हणून मीच तिला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी काका खाली माझ्या दारात आले. चिडले नव्हते. "माझं नाव घालून एक ओळ लिही रे फळ्यावर. 'यांनी मत वेगळं मांडलं, पक्ष सोडलेला नाही.' एवढंच. तीस वर्षं काम केलंय मी, माणसं तोंड चुकवतात आता."

"शाखाप्रमुखांना विचारून सांगतो," मी म्हणालो.

दोन दिवसांनी त्यांनी जिन्यात गाठलं. "विचारलंस का?"

"विचारलं काका. नाही म्हणाले."

मी कोणालाच विचारलं नव्हतं. विचारलं तर आपणही फुटीरच ठरू, फळा हातचा जाईल, अशी भीती होती. काका "बरं" म्हणाले आणि कठड्याला धरून वर गेले. निवडणूक झाल्यावर त्यांनी ब्लॉक विकला आणि लेकीकडे नाशिकला गेले.

तीन-एक वर्षांनी ते गेल्याची बातमी आली. ती लिहायला मी फळा पुसत होतो. शाखाप्रमुख शेजारी चहा पीत उभे होते. "म्हाताऱ्याने फारच मनाला लावून घेतलं," ते म्हणाले. "एकदा माझ्याकडे यायचं होतं."

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं, काकांना काय लिहून हवं होतं ते.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "एवढंच? मग लिहायचंस ना. मी कशाला नाही म्हणालो असतो?"

काका मात्र गेले ते पक्षानेच आपल्याला नाही म्हटलं, असं समजून.