एका वेळी एकच

आमच्या मामाच्या घराला चार चाकं होती आणि त्या घरात एका वेळी एकच सुख मिळायचं. दिवा लावला की पंखा बंद. पंखा लावला की रेडिओ बंद. जेवताना ताटातलं दिसावं असं वाटत असेल तर घामाने निथळत जेवायचं. "एका वेळी एकच," मामा म्हणायचा, जणू काही घरात दहा मुलं आहेत आणि एकच लाडू.

तिकडे बंगालात, डमडमला, लष्कराच्या वर्कशॉपात मामा फिटर होता. युद्ध संपल्यावर लिलावात त्याने एक जुनी अँब्युलन्स घेतली. फाळणीनंतर निर्वासितांच्या गर्दीत तिथे माणसाला उभं राहायला जागा मिळेना, तेव्हा तो मामीला घेऊन सरळ तिच्यातच राहायला लागला. एस्प्लनेडच्या एका कचेरीत मला नोकरी लागली आणि मीही तिथेच दाखल झालो. जखमी शिपायांसाठी केलेल्या वरच्या फळीवर झोपायचो. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, बी.एस्सी., तेही पदार्थविज्ञान घेऊन. गावी पत्रात मी "डमडमला मामाकडे" एवढंच लिहायचो.

गाडी उभी होती ती एका बंगाली म्हाताऱ्याच्या मोकळ्या जागेत. त्याला आम्ही कर्ताबाबू म्हणायचो. भाडं काही नाही, अट एकच, गाडी चालती हवी. जागेवर घर बांधू द्यायचं नाही, असं त्याच्या भावांमध्ये ठरलेलं. गाडी उभी करायला मात्र कुणाची ना नव्हती. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कर्ताबाबू छत्री घेऊन यायचा आणि विचारायचा, "गाडी, ना बाडी?" म्हणजे ही गाडी की घर? मग मामाने सेल्फ मारायचा, गाडी रस्त्यापर्यंत नेऊन परत आणायची. ढकललेली चालायची नाही. झालं, महिनाभर ती गाडी.

आणि गाडी सुरू व्हायची त्याच बॅटरीवर दिवा, पंखा, रेडिओ! मी मामाला किती वेळा समजावलं असेल. बॅटरी विहिरीसारखी आहे, रात्रभर विसावा दिला की आपोआप पाझरते, हा त्याचा सिद्धान्त. किती वीज उरली हे बघायला तो दोन्ही टोकांना पाना लावून ठिणगी पाडायचा. "मामा, या ठिणगीतच अर्धी वीज गेली!" मी ओरडायचो. "पण कळलं ना, होती म्हणून," तो शांतपणे म्हणायचा. बॅटरीचं पाणी तपासायची काचेची नळी मी चांदणी बाजारातून आणून दिली. ती त्याने मामीच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून ठेवली. का, तर फुटेल.

महिनाअखेरीला बॅटरी चार्जिंगला जायची. मामा ती हातरिक्षात बसवायचा आणि स्वतः शेजारून चालायचा. "दोघांचं ओझं त्याने का ओढावं?" परत आल्यावर पहिल्या तारखेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, हा नियम मीच केला होता. तो मोडला नाही तर आपल्याला जागा राहील, हे मी दोघांकडून वदवून घेतलं होतं.

एका महिन्यात मामीच्या भावाचं पत्र आलं. मुंबई केंद्रावर तो अभंग गाणार होता. दिवस नेमका महिन्याचा शेवटचा.

"नाही," मी म्हणालो.

मामीने पत्राची घडी करून पदराला बांधली. वस्तीत तिच्याशी मराठी बोलणारं आम्हा दोघांखेरीज कुणी नव्हतं. बंगाली तिला माशाचा भाव विचारण्यापुरतं यायचं, आणि मासे ती खात नव्हती. मामाने उठून रेडिओची तार जोडली.

"मामा, उद्या पहिली तारीख आहे!"

"असू दे. ऐकू दे तिला."

"दुसऱ्या कुणाकडे जाऊन ऐकू या."

"दुसऱ्याकडे आपलं केंद्र लावा म्हणायचं? आणि तिला रडायला आलं तर?"

दिवेलागणीला दिवा न लावता आम्ही बसलो. खरखरीतून मधूनच दोन ओळी यायच्या आणि जायच्या. मामी रेडिओला कान लावून होती. संपल्यावर म्हणाली, "घसा बसलाय त्याचा. कोमट पाणी पीत नाही मेला." आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

सकाळी मामाने सेल्फ मारला. गाडी कण्हली आणि गप्प झाली. कर्ताबाबू छत्रीवर रेलून उभा. मी मामाच्या कानाशी लागलो, "पेट्रोल संपलं म्हण." पण ऐकेल तर मामा कसला!

"बाबू, बॅटरी कल रेडिओ को दे दिया," तो आपल्या हिंदीत म्हणाला. "घरवाली का भाई गाया."

म्हाताऱ्याने मामीकडे बघितलं, छत्री काखेत घेतली. मग म्हणाला, "ताहोले तो बाडीई." मग तर घरच. भावांना सांगणं भाग होतं त्याला. आठ दिवसांची मुदत मिळाली. बॅटरी पुन्हा चार्ज करून आणली, तर जाताना गाडी एका झटक्यात सुरू झाली! माझा नुसता जळफळाट झाला. मामाने ती एका लाकूडवाल्याला विकली, दोघं एका खोलीत गेली, तिथे वीजच नव्हती. मी मेसमध्ये राहायला गेलो.

पुढे माझं लग्न झालं, बिऱ्हाड झालं, भिंतीत बटणं आली. मामा जेवायला आला की रेडिओ चालू असताना उठून पंखा बंद करायचा. "अरे, इथे वीज भिंतीतून येते!" मी वैतागायचो. "भिंतीमागेही कुठे कुणी गाडी काढायची म्हणून बसलेलं असेल," तो म्हणायचा. मी उठून पंखा परत लावायचो.

मामा गेल्यापासून मामी आमच्याकडे असते. संध्याकाळी ती रेडिओ लावते, पण त्याआधी उठून पंखा बंद करते. बायको माझ्याकडे बघते. मी सदरा काढतो, वर्तमानपत्राने वारा घेत बसतो. कार्यक्रम संपेपर्यंत पंख्याच्या बटणाकडे मी जात नाही.