लाट येणार म्हणून बोंबील लालबागला

लाट येणार असं पोलिसांनी कर्ण्यावरून सांगितलं, तेव्हा वरळी कोळीवाड्यात आमचे बोंबील बांबूंवर वाळत होते, अजून अर्धे ओलेच. किनारा सोडा, उंचावर जा! मी दागिन्यांचा डबा उचलला तर आई खेकसली, "सोनं भिजून कुजतं काय गो? आधी बोंबील काढ!"

अख्ख्या गल्लीत तीच धांदल. बायका पाट्या भरत होत्या, पुरुष होड्यांचे दोर आवळत होते, आणि खरं सांगते, मला भीती कमी आणि मजाच जास्त वाटत होती. दोन टॅक्सीवाले वासानेच पळाले. तिसऱ्या टॅक्सीत पाट्यांसकट कोंबून बसून आम्ही लालबागला मावशीच्या चाळीत पोचलो, तिसऱ्या मजल्यावर. आईने कुणालाही न विचारता गॅलरीभर दोऱ्या बांधल्या आणि बोंबील टांगले.

संपानंतर गिरणी बंद पडली तशी ती चाळ मुकी झाली होती. गिरणीत कामाला असलेले मावशीचे यजमान, आमचे काका, तर वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. वास पसरला तशी एकेक दार उघडलं. आता भांडण होणार म्हणून आईने पदर खोचला. पण कुणी तवा आणला, कुणी भाकऱ्या, कुणी कांदा. गॅलरीत पंगतच बसली, आणि काकांनी तीनदा मागून खाल्लं.

संध्याकाळी कळलं, लाट आलीच नाही. आम्ही निघालो तर काका पाटी धरून जिना उतरले. म्हणाले, "पुन्हा कधी यायचीय लाट?"