हिल स्टेशनची सहल

नाशिकच्या शाळेत दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई मला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायच्या. प्रत्येक वाक्य ‘आय’ने सुरू करू नकोस, म्हणायच्या, लांब वाक्यानंतर एखादं आखूड टाक, मध्येच प्रश्न विचार, तपासणाऱ्याला झोप येता कामा नये. बाकीचा वर्ग गाइडमधला हिल स्टेशनच्या सहलीचा निबंध पाठ करत होता, तेव्हा मी घरी एकच वाक्य उलटसुलट करून पाहत बसायचे.

पूर्वपरीक्षेत प्रवासावर निबंध आला. वडिलांबरोबर ट्रॅक्टरवर बसून लासलगावच्या कांदा लिलावाला गेले होते, ते मी लिहिलं. सुरुवातच प्रश्नाने केली.

पेपर वाटताना बाईंनी मला उभं केलं. “कुठल्या गाइडमधून उचललंस? ही तुझी वाक्यं नाहीत.”

अख्खा वर्ग गाइडच्या त्याच त्या शब्दांत हिल स्टेशनला जाऊन आला होता, त्यांना कुणी काही विचारलं नाही. मला हे कधी जमेल, असं शिकवताना बाईंना वाटलंच नव्हतं. मग रोज थांबवून कशाला घेतलं, हा राग अजून गेलेला नाही.

बोर्डाच्या पेपरात मीही मुकाट्याने त्याच हिल स्टेशनला जाऊन आले. निकालानंतर बाईंनी माझी पाठ थोपटली.